कणसावरची अक्षरे

आमच्या घरात दोन वाद आजवर मिटलेले नाहीत. एक, चकली बारामतीची चांगली की इंदापूरची. आणि दुसरा अलीकडचा, जपानी चित्रपट ‘सब’ पाहावा की ‘डब’. पहिला वाद फराळाच्या डब्याबरोबर संपतो. दुसरा वर्षभर पुरतो.

‘सब’ म्हणजे मूळ जपानी बोलणे तसेच ठेवून खाली अक्षरे उमटवायची. ‘डब’ म्हणजे त्या चित्रांच्या तोंडी दुसरी भाषा घालायची. माझी लेक बारामतीला कॉलेजात जाते. ती कडवी ‘सब’वाली. “आवाज काढून घेतला, की माणूसच बदलतं, अप्पा!” इंदापूरचा पुतण्या चौथीत. त्याचा डोरेमॉन हिंदी बोलतो. तो मुळात जपानी आहे, हेच त्याला कबूल नाही.

त्याला हसायचा अधिकार मला नाही. १९९३ साली दूरदर्शनवर ‘जंगल बुक’ लागे, तेव्हा मी शाळकरी होतो. गुलजारांचे शीर्षकगीत सुरू झाले, की आम्ही पोरे शेजाऱ्यांच्या घरात दाटीवाटीने बसत असू. शेरखान नाना पाटेकरांच्या आवाजात गुरगुरला, की तो मागच्या उसातच दडला आहे असे वाटे. ती मालिका १९८९ साली जपानात तयार झाली होती, हे कळायला मला पुढे कित्येक वर्षे लागली.

तरीही २०२५च्या दिवाळीत इंदापुरी सगळे जमलो, तेव्हा मी कौल दिला तो लेकीच्या बाजूने. मास्तर पडलो ना! खाली अक्षरे असली की मुले नकळत वाचू लागतात, असे छोटेसे व्याख्यानही झोडले. लेकीने दुजोरा दिला, “सप्टेंबरात ‘डीमन स्लेअर’ थिएटरात हिंदी, तमिळ, तेलुगूत आला. मराठीत कुठं आला? मग मूळच ऐकावं की!” पुतण्याने तोंड वेंगाडले, पण बहुमत झाले.

हायाओ मियाझाकींचा १९८८चा ‘माय नेबर टोटोरो’ लागला. दोन बहिणी वडिलांबरोबर खेड्यात राहायला येतात; आई दवाखान्यात आहे. माझी आई भिंतीला टेकून पाहत होती. आम्ही हसलो की क्षणभराने तीही हसे. धाकटी मेई मक्याचे कणीस छातीशी धरून एकटीच धावत सुटली, तेव्हा मात्र आई पुढे सरकली.

“आरं, ते लेकरू कणीस घेऊन कुणीकडं निघालंय?”

“खाली लिहिलंय बघ, आई,” मी सहज बोलून गेलो.

“मला रं कुठं वाचाया येतंय, मास्तर?”

ती हसत म्हणाली. म्हणूनच ते जास्त लागले. एवढी वर्षे मी लोकांच्या मुलांकडून अक्षरे गिरवून घेतली. घरातली ही एक पाटी कोरीच राहिली, याची मला कधी आठवणही झाली नव्हती.

लेक उठून आजीजवळ जाऊन बसली. “तिची आई आजारी आहे ना, आजी. शेजारची म्हातारी म्हणाली होती, माझ्या मळ्यातलं खाल्लं की आई बरी होईल. म्हणून ती कणीस द्यायला निघालीय.” मग ती सगळेच सांगू लागली. मेई थोरलीला ‘ओनेचान’ म्हणते. इंग्रजीत बहिणीला नावानेच हाक मारतात. लेकीने मात्र ते कानाने टिपले आणि म्हटले, ‘ताई’. मूकपटांच्या काळी जपानात पडद्याशेजारी उभा राहून सगळ्या पात्रांचे बोलणे बोलणारा माणूस असे. त्याला बेन्शी म्हणत. आपल्या पिंगुळीचे चित्रकथीही चित्रे पुढे धरून कथा सांगतात. त्या संध्याकाळी आमच्या घरी ते काम एका पोरीने केले. पुतण्याही हळूच तिच्याकडे सरकला.

शेवटी कणीस दवाखान्याच्या खिडकीत दिसते. त्याच्या पानावर जपानी अक्षरे ओरखडलेली असतात.

“काय लिव्हलंय?”

“आईसाठी.”

आईने पदर डोळ्यांना लावला.

पाडव्याच्या सकाळी मी पुतण्याची पाटी घेऊन तिच्यापुढे बसलो. तिचा ‘आ’ वाकडा आला, ‘ई’ त्याहून वाकडी. पाटी लांब धरून ती म्हणाली, “छडी नको हं, मास्तर!”

सब की डब, हा वाद अजून चालूच आहे. मी मात्र आता कौल देत नाही.