तराजूच्या अलीकडे

स्मरणिकेसाठी लिहिणारे बहुतेक जण आपल्या पदव्यांविषयी आणि पदांविषयी लिहितात, आणि ते योग्यच आहे. ज्यांच्या आजोबांना शाळेची पायरी चढता आली नाही, त्यांच्या नातवंडांनी पदवीचा उल्लेख दोनदा केला तरी ती आत्मस्तुती ठरत नाही. आम्ही मात्र येथे आमच्या सेवापुस्तकात नोंद नसलेल्या एका कामाविषयी लिहीत आहोत. इतिहास विषयात एम.ए. करीत असताना, १९९२ ते १९९४ या काळात, विद्यापीठाच्या आवारातील किराणा भांडारात आम्ही विक्रेता होतो.

भांडाराच्या एका बाजूस वसतिगृहे आणि दुसऱ्या बाजूस कर्मचाऱ्यांची निवासस्थाने होती. सकाळी दूध, पाव, अंडी. सायंकाळी तूरडाळ, तांदूळ, साखर, गोडेतेल. परीक्षा जवळ आल्या की चहापूड आणि बिस्किटे. वसतिगृहातील आमचे बांधव बहुतेक माल उधारीवर नेत आणि शिष्यवृत्ती हाती पडेपर्यंत उधारीची वही भरून जाई.

हे काम दिसते तितके सोपे नव्हे. सकाळी पहिल्यांदा तराजूचा पासंग पाहावा लागे. रिकामी पारडी समान उभी राहिल्याखेरीज पहिले गिऱ्हाईक घ्यायचे नाही, असा भांडाराच्या व्यवस्थापकांचा दंडक होता. आम्ही त्यांना काका म्हणत असू. रद्दी कागदाची पुडी बांधून सुतळीचे दोन वेढे असे द्यायचे, की गिऱ्हाईक सायकलवरून घरी पोहोचेपर्यंत साखरेचा एक दाणा सांडू नये. ही विद्या हाताला यायला आम्हाला दोन महिने लागले. एम.ए.च्या काही प्रश्नपत्रिकांना त्याहून कमी वेळ लागला होता!

आमच्या लोकांना शेतमजुरी ठाऊक होती, गिरणी ठाऊक होती, रेल्वे आणि लष्कर ठाऊक होते. दुकानाची आतली बाजू ठाऊक नव्हती. हे काही अंगी हुन्नर नसल्यामुळे झाले नाही. १९२८ साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीवर परमपूज्य बाबासाहेब सदस्य होते. अस्पृश्यांनी हक्क सांगितला की गाव त्यांच्यावर बहिष्कार घालते आणि गावच्या वाण्याला त्यांना जीवनावश्यक जिन्नस विकू नकोस अशी ताकीद देते, ही गोष्ट त्या समितीच्या १९३० च्या अहवालात नमूद आहे. म्हणजे मीठ-मिरचीचे दुकान हे शस्त्रच होते, आणि त्याची मूठ नेहमी दुसऱ्याच्या हाती होती. स्वतः बाबासाहेबांनी बडोद्याची नोकरी सोडून मुंबईस आल्यावर शेअरच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. विद्वत्तेत उणे काहीच नव्हते. सल्ल्याला तर कोणाच्या हाताचा स्पर्शही होत नाही.

भांडारात निवासस्थानांतील एक बाई नियमाने येत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारले, "आडनाव काय तुमचं?" आम्ही सांगितले. त्या दिवसापासून साबण, बिस्किटे, आगपेटी या वस्तू त्या आमच्याकडून घेत. पण पोहे, रवा, गूळ घ्यायचा असला की आमचा सहकारी मोकळा होईपर्यंत बाजूला उभ्या राहत. भांडण नाही, अपशब्द नाही. बंद पुडा चाले, सुटा जिन्नस चालत नसे. अस्पृश्यतेची सीमा गावाच्या वेशीवरून निघून प्लॅस्टिकच्या पिशवीपर्यंत आली आहे, हे आम्हाला कोणत्याही ग्रंथाआधी त्या बाईंनी शिकविले.

१४ जानेवारी १९९४, संक्रांत. सहकारी गावी गेला होता आणि तिळगूळ सुटाच होता. बाई आल्या.

"पाकिटातला नाही का?"

"नाही बाई, सुटाच आहे."

"मग राहू द्या."

अर्ध्या तासाने त्यांचा मुलगा आला. त्याने पाव किलो तिळगूळ घेतला आणि पुडी बांधण्याआधीच आमच्या हातातून एक उचलून तोंडात टाकला. मराठवाडा विद्यापीठाच्या नामविस्ताराची घोषणा झाली तो दिवस हाच. १९७८ च्या ठरावापासून रखडलेली आणि कित्येकांच्या घरादाराची राख पाहिलेली मागणी अखेर मान्य झाली होती. वार्ता येताच भांडारातला उरलासुरला तिळगूळ वसतिगृहात गेला, तोही उधारीवर.

दुसऱ्या दिवशी काका म्हणाले, "अरे, तू आता वहीवर बस. शिकलेला आहेस, हिशेब चांगला ठेवशील. तराजूवर दुसऱ्याला उभा करतो." काका सज्जन होते. त्यांनी आम्हाला बढतीच देऊ केली होती. आणि त्या बढतीचे कारण आम्हा दोघांनाही माहीत होते. आम्ही म्हणालो, "काका, वही रात्री लिहीन. तराजू सोडणार नाही." ते काही बोलले नाहीत, आणि आम्ही तराजूवरच राहिलो.

त्या सुमारास आम्ही १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा वाचून काढला. अस्पृश्यतेपोटी माल विकण्यास नकार देणे हा कलम ६ अन्वये गुन्हा आहे. संविधानाचा अनुच्छेद १५ दुकानात प्रवेशाचा हक्क देतो. ही दोन्ही संरक्षणे गिऱ्हाइकाची आहेत, आणि ती अमोल आहेत. पण आपला माणूस गल्ल्याच्या आत उभा राहिला, तर त्याच्याकडून माल घेतलाच पाहिजे असा कायदा नाही, आणि तसा करताही येणार नाही. तेथे आपल्याला उभेच राहावे लागते, रोज, पासंग पाहून.

तथागतांचे पहिले दोन उपासक, तपुस्स आणि भल्लिक, व्यापारी होते. त्यांच्या हातचे अन्न तथागतांनी स्वीकारले. दीघजाणु या गृहस्थाला आय-व्यय समजावताना तथागतांनी दृष्टांत दिला तो तराजू धरणाऱ्याचा. धम्मवर्गात आम्ही हे सुत्त शिकवितो तेव्हा टेबलावर खरा तराजू ठेवतो.

आपल्या विद्यालयात दरवर्षी आनंदनगरी भरते. शेजारच्या गावांतील सर्व समाजांचे लोक येतात. काही पालकांनी सुचविले, पाकीटबंद पदार्थ ठेवावेत, स्वच्छ आणि सोयीचे. स्वच्छतेचा मुद्दा आम्ही मान्य केला: नखे कापलेली, हात धुतलेले, डोक्याला रुमाल. पाकिटे मात्र नाकारली. भेळ मुलांनीच कालवायची आणि मुलांनीच हाताने द्यायची. गेल्या वर्षी दुपारी एकच्या आत मुरमुरे संपले, गावातून पुन्हा आणावे लागले. सायंकाळी आठवीच्या मुलींना हिशेबात दोन रुपयांचा फरक आला. तो सापडेपर्यंत त्यांनी आम्हाला घरी जाऊ दिले नाही.