नोंदीबाहेरचा रुपया

१६ जुलै २०२५, बंगळुरू

मल्लेश्वरमच्या बाजारात आज बऱ्याच दुकानांवरचे क्यूआर कोड गायब होते. स्टिकर खरवडलेल्या जागी हाताने लिहिलेला कागद: यूपीआय नाही, फक्त रोख. राज्याच्या वाणिज्य कर खात्याने २०२१-२२ पासूनचे चार वर्षांचे यूपीआयचे आकडे मिळवले. मालाच्या विक्रीसाठी वर्षाला ४० लाख आणि सेवांसाठी २० लाख ही जीएसटी नोंदणीची मर्यादा. त्याहून जास्त जमा दिसली अशांना नोटिसा गेल्या. त्यात बेकरीवाले आहेत, दूधवाले आहेत, चहावालेही आहेत. हावेरीच्या एका भाजीवाल्याच्या चार वर्षांच्या जमेचा आकडा १ कोटी ६३ लाख, आणि नोटीस २९ लाखांची. ताज्या भाजीवर जीएसटी लागतच नाही.

कर बुडवणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण खात्यात आलेला प्रत्येक रुपया विक्रीचा नसतो. मेहुण्याने फेडलेले उसने पैसे असतात, भिशीचे असतात, गावाहून मुलीच्या फीसाठी आलेले असतात. ते वेगळे काढून सिद्ध करायचं काम आता दुकानदाराचं. गुन्ह्याचा संशय आला म्हणून वही मागवली, असं इथे झालेलं नाही. सगळ्यांच्या वह्या आधी हाती आल्या, संशय नंतर शोधला. नोकरीची सगळी वर्षं बँकेत काढलेल्या माझ्यासारखीला हा क्रम फार खटकतो.

२० जुलै

सकाळीच पुण्याहून भाच्याचा फोन. “मावशी, बघ तुझ्या क्रिप्टोचं काय झालं!” कॉइनडीसीएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजवर दरोडा पडला, ४ कोटी ४० लाख डॉलर गेले. ग्राहकांचे पैसे सुरक्षित आहेत, नुकसान आम्ही सोसू, असं कंपनीने जाहीर केलं आहे. गेल्या जुलैत वझीरएक्स या दुसऱ्या एक्स्चेंजमधून २३ कोटी डॉलर गेले होते. त्यांचे ग्राहक अजून पैशांची वाट पाहतायत.

त्याला म्हटलं, एक्स्चेंजवर ठेवलेलं क्रिप्टो म्हणजे पुन्हा बँकच, फक्त पाच लाखांचा ठेव विमा नसलेली. किल्ली दुसऱ्याच्या हातात, केवायसी तिथेही, आणि मार्च २०२३ पासून ही एक्स्चेंजंही मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली. सातोशी नाकामोतो या नावाने २००८ मध्ये बिटकॉइनचा जो प्रबंध आला, त्याचा गाभाच हा होता की मधला माणूस नको. स्वतःची किल्ली स्वतःकडे ठेवायची. ती हरवली तर पैसे गेले, दाद मागायला काउंटर नाही. ही जोखीम खरी आहे, आणि ज्याला झेपत नाही त्याने या वाटेला जाऊ नये. आज भाव किती, हा प्रश्न मला पडतच नाही.

२३ जुलै

मुख्यमंत्री सिद्धरामय्या व्यापाऱ्यांना भेटले. नोंदणी केली तर मागची थकबाकी वसूल करणार नाही म्हणाले. व्यापाऱ्यांनी पुकारलेला २५ तारखेचा बंद मागे. यूपीआयचे आकडे मात्र कर खात्याकडेच राहणार, त्याबद्दल कुणी विचारलं नाही.

२७ जुलै

आमच्या शाखेत दर महिन्याचं एक काम ठरलेलं असे. दहा लाखांवरच्या रोख व्यवहारांची यादी करायची. ती मुख्य कार्यालयामार्फत पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत दिल्लीला, फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे जायची. एखादा व्यवहार संशयास्पद वाटला तर त्याचा वेगळा अहवाल, आणि ग्राहकाला त्याचा सुगावा लागू द्यायचा नाही अशी कायद्याचीच सक्ती. समोर बसून चहा पिणाऱ्या माणसाबद्दल आपण काय कळवलंय हे त्याला कधीच सांगायचं नाही. मला ते शेवटपर्यंत अंगवळणी पडलं नाही.

या पद्धतीचं मूळ अमेरिकेत. तिथला बँक सिक्रसी कायदा १९७० चा, नावात गुप्तता आणि काम माहिती पुरवण्याचं. रोख व्यवहार कळवण्याची दहा हजार डॉलरची मर्यादा सत्तरच्या दशकात ठरली, ती आजही तीच आहे. महागाई वाढत गेली तसतसे साधे लोक आपोआप तिच्यात ओढले गेले. १९७६ मध्ये मिलर खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बँकेकडे दिलेले कागद बँकेचे. त्यांच्याबाबत खातेदाराने खासगीपणाची अपेक्षा धरू नये.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हे मानलं नाही, याचा मला अभिमान आहे. २००४ मध्ये कॅनरा बँकेच्या खटल्यात न्यायमूर्ती लाहोटींनी लिहिलं की खासगीपणाचा हक्क माणसाचा असतो, जागेचा नव्हे. कागद बँकेत गेले म्हणून तो संपत नाही. आंध्र प्रदेशातली मुद्रांक कायद्याची सरसकट झडतीची तरतूद त्यात रद्द ठरली. हा निकाल बँकेच्या प्रत्येक प्रशिक्षणवर्गात शिकवायला हवा होता. आज आयकराच्या संकेतस्थळावर वार्षिक माहिती विवरण उघडलं की व्याज, लाभांश, शेअर, म्युच्युअल फंड, सगळं आधीच भरून आलेलं दिसतं. झडती घ्यायला कुणाला दारात यावंच लागत नाही.

२ ऑगस्ट

कामाला येणारी बाई म्हणाली, “अक्का, पगार हातातच द्या.” खात्यात टाकला की मेसेज नवऱ्याच्या मोबाइलवर जातो.

नोव्हेंबर २०१६ आठवला. ८ तारखेला रात्री पाचशे-हजारच्या नोटा बाद झाल्या, आणि पुढचे कित्येक दिवस काउंटरवर बायका येत राहिल्या. डाळीच्या डब्यातल्या, साड्यांच्या घडीतल्या नोटा. रकमा छोट्या, पण त्यांच्या आयुष्यात कुणाला न विचारता खर्च करता येणारे तेवढेच पैसे.  घरात ते उघडे पडल्यावर काय झालं असेल, याची नोंद कुठल्याच विवरणात नाही.

अफगाणिस्तानात हेरातच्या उद्योजिका रोया महबूब यांनी २०१३ च्या सुमारास आपल्याकडे काम करणाऱ्या मुलींना बिटकॉइनमध्ये मोबदला द्यायला सुरुवात केली. मुलींची बँक खाती नव्हती, आणि रोख घरातले पुरुष काढून घेत. क्रिप्टो म्हणजे सट्टा, असं म्हणणाऱ्यांनी हे एक उदाहरण तरी नीट पाहावं.

७ ऑगस्ट

काल न्यूयॉर्कमध्ये प्रोग्रामर रोमन स्टॉर्मच्या खटल्याचा निकाल लागला. तो समजायला आधी हे: बिटकॉइनची वही जगाला खुली असते. पत्ता कुणाचा हे एकदा कळलं की मागचे-पुढचे सगळे व्यवहार उघडे. म्हणजे नुसत्या बिटकॉइनने खासगीपणा मिळत नाही, उलट कायमचा पुरावा तयार होतो. इथेरियमची वहीही अशीच खुली. तिथल्या पैशाचा माग तोडण्यासाठी स्टॉर्म आणि त्याच्या सोबत्यांनी टॉर्नेडो कॅश हे सॉफ्टवेअर लिहिलं. उत्तर कोरियाच्या चोरांनीही ते वापरलं, हे लपवायचं कारण नाही. पण इथेरियमचा जनक विटालिक बुटेरिन यानेही युक्रेनला मदत पाठवताना ते वापरलं होतं, आणि त्याचं कारण सरळ होतं: घेणाऱ्यांना धोका होऊ नये.

अमेरिकी ट्रेझरीने ऑगस्ट २०२२ मध्ये त्या प्रणालीवरच निर्बंध घातले. अपील न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ते बेकायदा ठरवले, यंदा मार्चमध्ये उठले. तरी काल ज्यूरीने स्टॉर्मला विनापरवाना पैसे पाठवण्याच्या धंद्याच्या कटाबद्दल दोषी धरलं. मनी लाँडरिंग आणि निर्बंधभंगाच्या आरोपांवर एकमत झालंच नाही. ज्या पैशांवर त्याचा ताबा नव्हता, ते पाठवण्याचा परवाना त्याने कुणाकडून काढायचा होता?

१२ ऑगस्ट

नवं आयकर विधेयक काल लोकसभेत चर्चेविना मंजूर, आज राज्यसभेतही. झडतीच्या वेळी ईमेल, समाजमाध्यमांवरची खाती, क्लाउड, ऑनलाइन बँकिंग यांचे पासवर्ड ओलांडून आत शिरायचा अधिकार त्यात आहे. भाचा म्हणाला, “चोरांना पकडायचं कसं मग?” न्यायाधीशाच्या आदेशाने पकडा. तो आदेश यात कुठेच लागत नाही.

२४ ऑगस्ट

पुट्टस्वामी निकालाला आज आठ वर्षं. न्यायमूर्ती पुट्टस्वामी याच शहरातले; कर्नाटक उच्च न्यायालयातून निवृत्त होऊन कैक वर्षं झाल्यावर, २०१२ मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी त्यांनी आधारविरुद्ध याचिका केली. त्यातूनच नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला.

दुपारी आमच्या खासदारांना पत्र लिहायला बसले. रोख व्यवहार कळवण्याची दहा लाखांची मर्यादा महागाईप्रमाणे वाढवा, आणि चौकशीतून काही निघालं नाही तर ठरावीक मुदतीत खातेदाराला कळवा, हे पहिल्याच परिच्छेदात. मोठा भाग ई-रुपयाला, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल चलनाला, दिला. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा सामान्यांसाठीचा पहिला प्रयोग ज्या चार शहरांत झाला त्यात बंगळुरू होतं. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड चौम यांनी १९८० च्या दशकातच दाखवलं होतं की बँक नाणं न पाहता त्यावर सही करू शकते: पैसे कुणी दिले हे बँकेला कळत नाही, पण घेणारा ते जमा करायला येतो तेव्हा त्याची जमा दिसते. म्हणजे भाजीवाल्याचा कर बुडत नाही, आणि भाजी कुणी घेतली याची नोंदही होत नाही. रिझर्व्ह बँकेने ई-रुपया असा घडवावा. तोवर स्वतःच्या किल्लीने ठेवलेल्या छोट्या क्रिप्टोला संशयित मानू नका; त्यातून किरकोळ खर्च करताना दिसणाऱ्या नफ्यावरचा ३० टक्के कर काढा, आणि खासगीपणा जपणारं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला ते वापरणाऱ्याच्या गुन्ह्यात ओढू नका, असं लिहून सही केली.