तांबडीची पिल्लं

तांबडीनं २१ दिवस अंडी उबवली आणि पिल्लं घेऊन गेली बोडकी. याला काय म्हणायचं? घरात कुणाला त्याचं काही वाटत नाही. "कोंबड्यांचं काय मनावर घेतीस," म्हणतात. मी घेतलंय.

आमच्या परसात सासूबाईंच्या काळापासून गावठी कोंबड्या आहेत. गावठी कोंबडी १२-१५ अंडी घालते आणि खुडूक होते. पिसं फुलवून ठाण मांडते, हात नेला की टोचते, अंडी बंद. त्यामुळं वर्षाला साठ-सत्तर अंडी पदरात पडली तरी खूप. पोल्ट्रीतली पांढरी कोंबडी तीनशेच्या घरात जाते, कारण तिच्या जातीतून खुडूक होणंच जवळजवळ काढून टाकलंय. पण मग पिल्लं विकत आणावी लागतात. गावठीत तो खर्च नाही, एक खुडूक असली की झालं.

तर होळीनंतर तांबडी खुडूक झाली. पाटीत राख, सीताफळाचा पाला म्हणजे उवा होत नाहीत, वर भाताचा पेंढा आणि अकरा अंडी. सासूबाईंना विषम आकडाच लागतो. विजेनं अंडी नासू नयेत म्हणून त्या एक लोखंडी खिळाही ठेवतात. माझा खिळ्यावर विश्वास नाही, पण मी तो काढतही नाही. प्रत्येक अंड्यावर मी कोळशानं फुली मारली. खुडूक बसली की बाकीच्या कोंबड्या तिच्या पाटीत येऊन अंडी घालून जातात. बिनफुलीचं अंडं रोज संध्याकाळी काढून घ्यायचं, नाहीतर ती मागं पडतात आणि सगळाच घोळ होतो. आठवड्यानं रात्री मोबाइलच्या उजेडावर अंडी बघितली. दोन बिनफळाची होती, ती काढली. नऊ राहिली.

तांबडी दिवसातनं एकदा उठायची. चार दाणे, दोन घोट पाणी, धुळीत एक लोळण आणि परत पाटीत. पोटाची पिसं गेली, उराचं हाड हाताला लागायला लागलं. शेवटच्या आठवड्यात जाऊबाईंची बोडक्या मानेची कोंबडी खुडूक झाली आणि त्याच पाटीत घुसली. परस एकच आहे, कोंबड्या तेवढ्या वेगळ्या. मी तिला काढायची, ती परत यायची. सासूबाई म्हणाल्या, "बसू दे की, ऊब वाढंल." मलाही ते पटलं.

एकविसाव्या दिवशी सकाळी सहा पिल्लं बाहेर आली होती. तीन अंडी राहिली, त्यातल्या दोनांना तडे गेलेले. पिल्लाच्या पोटात बलक असतो, दोन दिवस दाणापाणी नसलं तरी त्याचं चालतं. म्हणून चांगली कोंबडी घाई करत नाही, मागं राहिलेल्यांसाठी बसून राहते. तांबडी बसली. बोडकी उठली, घोगऱ्या आवाजात साद घालत अंगणात गेली आणि सहाही पिल्लं तिच्या मागं. तांबडीनं मान लांब करून बघितलं, पण खाली दोन अंडी फुटत होती, ती हलली नाही. म्हणजे बघा, तिनं काम अर्ध्यावर सोडलं असतं तर पिल्लं तिची राहिली असती! हे मी घरात ज्याला त्याला ऐकवलं. शेवटी ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी ती दोन पिल्लं घेऊन खाली उतरली (तिसरं अंड्यातच मेलं होतं). दुपारपर्यंत तीही दोन त्या घोळक्यात गेली. तांबडी जवळ जायला लागली तर बोडकीनं तिचं डोकं रक्तबंबाळ केलं. मी रात्री अंधारात आठही पिल्लं तांबडीच्या पंखाखाली सरकवली. रात्री कोंबडी सरकवलेलं मुकाट घेते. पण पिल्लांच्या कानात आवाज बसलेला. सकाळी बोडकीनं साद घातली आणि सगळी डालग्याच्या भोकांतून पळाली.

जाऊबाई म्हणाल्या, "पिल्लं जिच्या मागं तिची." मी फुल्यांची टरफलं नेऊन दाखवली. सासूबाई म्हणाल्या, "टरफलाला काय करायचंय? घारीपासनं राखणार कोण?" यावर मला बोलता आलं नाही. बोडकीनं एकही पिल्लू घारीला दिलं नाही, मुंगसालाही नाही. गेल्या वर्षी तांबडीची निम्मी गेली होती.

तांबडी जाऊन रिकाम्या पाटीत बसली. सासूबाईंच्या काळात अशीला गार पाण्यात बुचकळायचे नाहीतर नाकात पीस घालायचे. "मामी, तसलं काही नको," म्हटलं. पोटाला ऊब आणि अंड्याचा स्पर्श मिळतो तोवर अंगातलं प्रोलॅक्टिन उतरत नाही, म्हणून खालून वारं लागलं पाहिजे. टोमॅटोचं कॅरेट आढ्याला टांगलं आणि तिला त्यात ठेवलं, दाणापाणी समोर. पाटी मात्र उचलून टाका, नाहीतर सोडल्या सोडल्या परत तिथंच जाऊन बसते. खुडूक कोंबडीला तिच्या मनासारखं बसू द्यावं असं मीच सगळ्यांना सांगत आले होते. ती कॅरेटातून अंगणातल्या पिल्लांकडं बघत राहायची, तरी मी काढली नाही. चार-पाच दिवसांत निवळली, आणि पुढं दोन-तीन आठवड्यांत अंड्यावर आली.

ज्येष्ठ सरता सरता जाऊबाईंनी आपणहून दोन पिल्लं आणून दिली. "घे बाई, मनात नको ठेवू." तोवर पिल्लांचे तुरे लाल झाले होते, शेपटीची पिसं वळायला लागली होती. दोन्ही कोंबडे. आखाड तोंडावर आलाय, चांगला पैसा होईल, तुझाच फायदा, म्हणाल्या. तेही खरंच. पण मला तलंगा हव्या होत्या.