सॉल्टेअर : एका धन्यानें वसविलेलें गांव

विलायतेहून परत आलेला मनुष्य लंडनचें वर्णन करूं लागला म्हणजे ऐकणाऱ्यांची पुरेवाट होते, हें आम्ही जाणून आहों. म्हणून आज वाचकांना लंडनला न नेतां यॉर्कशायरमधील एका लहानशा गांवीं नेण्याचें आम्हीं योजिलें आहे. आमचे चिरंजीव लीड्स शहरीं नोकरीस असल्यामुळें आम्हां उभयतांना दोन महिने तिकडे राहण्याचा योग आला. काय पाहावयाचें, असें चिरंजीवांनीं विचारलें, तेव्हां आम्हीं सॉल्टेअरचें नांव घेतलें. सूनबाई हंसून म्हणाल्या, "मामंजी, गिरणी पाहायला कोणी इतक्या दूर येतं का?" त्यांच्या प्रश्नाचें उत्तर या लेखाच्या ओघांत येईलच.

लीड्सहून आगगाडीनें हा प्रवास घटकाभराचा आहे. स्टेशनाबाहेर पाऊल टाकतांच मधाच्या रंगाच्या दगडाची एक सहामजली प्रचंड इमारत समोर उभी राहते. हीच ती गिरणी. तिची लांबी ५४५ फूट आहे. एका अंगास लोहमार्ग, दुसऱ्या अंगास कालवा व त्यापलीकडे एअर नदी. लोंकर यावी आणि कापड जावें यासाठींच जणूं ही जागा निर्माण झाली होती. मालकाचें आडनांव सॉल्ट आणि नदीचें नांव एअर; या दोहोंच्या संधीनें गांवाचें नांव सिद्ध झालें.

टायटस सॉल्ट याचा जन्म १८०३ सालीं झाला. त्याच्या भाग्योदयाची कथा मोठी मौजेची आहे. दक्षिण अमेरिकेंतील अल्पाका नांवाच्या जनावराच्या केसांचीं पोतीं लिव्हरपूलच्या वखारींत पडून होतीं व त्यांना कोणी गिऱ्हाईक मिळेना. १८३० नंतरच्या दशकांत सॉल्टनें तो माल घेतला, बरेच प्रयोग केले, आणि सुती ताण्यावर अल्पाकाचा बाणा घालून हलकें व तुकतुकीत कापड काढलें. तें वाचतांना आम्हांला आमच्या आजोबांची पेटी आठवली. तींत डांबराच्या गोळ्यांच्या वासांत गुंडाळलेला काळा अल्पाकाचा कोट असे, आणि डिपुटी शाळा तपासावयास येत त्या दिवशींच काय तो बाहेर निघे. आमच्या घरांत विद्येची प्रतिष्ठा ज्या कोटानें मिरविली, त्या जातीच्या कापडाचें कुलस्थान आम्ही पाहावयास निघालों होतों!

त्या काळचें ब्रॅडफर्ड शहर म्हणजे गिरण्यांचा धूर, सडलेलें पाणी व दाटीवाटीच्या वस्त्या. १८४९ सालीं तेथें पटकीनें हाहाकार केला, आणि त्या सुमारास सॉल्टच शहराचा मेयर होता. त्यानें आपल्या गिरण्यांना धूर कमी करणारीं साधनें बसविलीं, पण इतर मालकांनीं त्याचा कित्ता गिरविला नाहीं. तेव्हां त्यानें शहर सोडण्याचा निश्चय केला. त्याच्या पांचही गिरण्यांचें काम एका छपराखालीं आणणारी ही नवी गिरणी २० सप्टेंबर १८५३ रोजीं, म्हणजे त्याच्या पन्नासाव्या वाढदिवशीं, सुरू झाली, आणि त्या दिवशीं हजारों माणसांना तेथें मेजवानी मिळाली.

गिरणीमागोमाग गांव उभें राहिलें. लॉकवुड व मॉसन या शिल्पशास्त्रज्ञांनीं आंखलेल्या सरळ गल्ल्यांतून आठशेंच्यावर दगडी घरें झालीं. घरोघर नळाचें पाणी, ग्यासचा दिवा, स्वतंत्र परसू व स्वतंत्र शौचकूप. गल्ल्यांना राणी, तिचे यजमान, सॉल्टची पत्नी व मुलें यांचीं नांवें दिलेलीं आहेत. १८५९ सालीं प्रार्थनामंदिर झालें. १८६८ त शाळा, रुग्णालय आणि वृद्धांसाठीं पंचेचाळीस धर्मार्थ घरें झालीं. १८७१ त ग्रंथालय व सभागृह असलेली संस्था आणि नदीपलीकडचें उद्यान झालें. धुण्यासाठीं सार्वजनिक धुलाईघर बांधलें होतें, कारण गल्लींत दोरीवर कपडे वाळत घातलेले धन्याला खपत नसत. हें ऐकून आमच्या घरांतील मंडळी म्हणाल्या, "पाणी दारांत देणारा शहाणा खरा, पण वाळत घालणं त्याला कशाला विचारायचं?"

आम्हांला वाटतें, या गांवाचें मर्म त्या एका वाक्यांत आलें. गांवांत सर्व कांहीं होतें, पण दारूचा गुत्ता नव्हता. तो नसणें आम्हांला इष्टच वाटतें. तथापि काम धन्याचें, घर धन्याचें, शाळा धन्याची व म्हातारपणचा आसराही धन्याचाच. अशा ठिकाणीं मनुष्य सुखी असला तरी स्वतःचा राहतो काय? मुकादमाचें घर कामकऱ्याच्या घराहून मोठें, हेंही भिंतींवरूनच वाचतां येतें. पित्याची माया आणि पित्याची सत्ता हीं एकत्र नांदत असतात, हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांना समजावून सांगावयास नको. सॉल्टच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनीं याच गांवांत 'टायटसला सांगूं नका' अशा अर्थाच्या नांवाचें एक मद्यगृह निघालें होतें. वडील पाठमोरे होतांच मुलें हंसतात, तसाच हा प्रकार!

सॉल्ट २९ डिसेंबर १८७६ रोजीं वारला. अंत्ययात्रा पाहण्यास रस्त्यांवर लाखभर लोक जमले होते, असें सांगतात. त्यानंतर तिसऱ्याच दिवशीं, १ जानेवारी १८७७ रोजीं, नागपुरास जमशेटजी टाटांची एंप्रेस मिल सुरू झाली. मुंबईची पहिली कापडगिरणी तर कावसजी दावर यांनीं १८५४ सालींच, म्हणजे सॉल्टच्या गिरणीच्या पुढच्याच वर्षीं, काढावयास घेतली होती. तेव्हां हीं एकाच युगाचीं भावंडें होत.

आतां आम्ही सूनबाईंच्या प्रश्नाकडे वळतों. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईंत गिरणीकामगारांचा संप सुरू झाला, तेव्हां आम्ही परळकडील एका शाळेंत नुकतेच शिक्षक झालों होतों. अडीच लाखांच्या सुमारास कामगार घरीं बसले होते. जूनमध्यें शाळा उघडली तों बांक रिकामे दिसूं लागले. सहावींतील एक मुलगा, ज्याचे वडील साचेखात्यांत होते, शाळा सोडल्याचा दाखला घ्यावयास आला. कारणाच्या रकान्यांत आम्हीं 'गांवीं स्थलांतर' असें लिहिलें. दाखला खिशांत घालतांना त्यानें विचारलें, "सर, संप मिटला की माझं नाव परत घ्याल ना?" आम्ही "हो" म्हणालों. संप मिटला असें कोणी कधीं जाहीर केलें नाहीं, आणि तो मुलगाही परत आला नाहीं. दिलेला शब्द पाळण्याची वेळच न यावी, याचें शल्य चाळीस वर्षांनंतरही आम्हांला बोचतें.

सॉल्टची गिरणीही १९८६ त बंद पडली. परंतु दुसऱ्याच वर्षीं जोनाथन सिल्व्हर नांवाच्या गृहस्थानें ती विकत घेतली आणि ब्रॅडफर्डचेच सुपुत्र डेव्हिड हॉक्नी यांचीं चित्रें तेथें मांडलीं. २००१ सालीं युनेस्कोनें संबंध गांव जागतिक वारशांत घेतलें. जेथें चात्या फिरत, तेथें आज लोक चित्रें व पुस्तकें पाहत हिंडतात.

धर्मार्थ घरांसमोरील बागेंत एका बांकावर एक वृद्ध बाई भेटल्या. चिरंजीवांनीं दुभाष्याचें काम केलें. तरुणपणीं त्या याच गिरणींत कापडांतील गांठी वेंचण्याचें काम करीत. आम्हीं विचारलें, "गिरणीचें चित्रालय झालें, याचें वाईट वाटतें काय?" त्या म्हणाल्या, "मजुरी गेली ती गेलीच. पण भिंती राहिल्या. मी कोणत्या खिडकीशीं बसत होतें, तें नातवाला दाखवितां येतें."

परतीच्या गाडींत आम्ही गप्पच होतों. परळ-लालबागांत जेथें भोंगे होत, त्यांपैकीं कित्येक ठिकाणीं आज कांचेचे मनोरे उभे आहेत. आमचा तो विद्यार्थी आतां पन्नाशी ओलांडून गेला असेल. कदाचित् त्यालाही नातवंडें असतील. त्यांना घेऊन तो मुंबईस आला, तर "माझे वडील येथें साचा चालवीत" म्हणून कोणती खिडकी दाखवील? त्याची शाळा मात्र अजून जागेवर आहे. तेथील जुन्या हजेरीपटांत त्याचें नांव आमच्या अक्षरांत लिहिलेलें असेल. मुंबईस पोंचल्यावर दुसऱ्याच आठवड्यांत आम्ही शाळेंत गेलों, आणि तो हजेरीपट रद्दींत जाऊं देऊं नये, अशी मुख्याध्यापकांना विनंती करून आलों.