यलोस्टोनमध्ये आबांचा प्रश्न

पाचवीत असताना आपल्या शाळेच्या भूगोलाच्या सरांनी फळ्यावर खडूने उष्ण पाण्याच्या कारंज्याची आकृती काढली होती. खाली तप्त खडक, वर अरुंद नळी, तिच्यातून उसळणारे पाणी. त्यानंतर बत्तीस वर्षांनी, गेल्या जूनमध्ये, सॉल्ट लेक सिटीहून मोटारीने मी यलोस्टोनला निघालो, तेव्हा शेजारी आबा बसले होते.

पाच तासांचा रस्ता. आयडाहोतील बटाट्याची शेते आबांनी निरखून पाहिली. एरवी गप्पच होते. आमच्यात फारसे बोलणे कधी झालेच नाही. धरणात गाव गेले त्या वर्षी त्यांनी मला वसतिगृहात आणून सोडले आणि एकदाही मागे वळून न पाहता ते फाटकाबाहेर पडले. हे मी विसरलो नव्हतो.

ओल्ड फेथफुल साधारणपणे दर दीड तासाने उसळते. बाकावर बसून मी सरांची आकृती आबांना समजावू लागलो. पावसाचे आणि बर्फाचे पाणी खोल मुरून तापते. परंतु वरच्या पाण्याच्या भारामुळे शंभर अंश ओलांडूनही ते उकळत नाही. थोडे पाणी वर निसटले की भार घटतो आणि खालच्या पाण्याची एकदम वाफ होते.

"म्हणजे दाबून धरलं म्हणून फुटतं," आबा म्हणाले.

इतक्या थोडक्यात मला ते परीक्षेतही लिहिता आले नव्हते. पाणी उसळले तेव्हा आबांनी टोपी काढून हातात घेतली. ग्रँड प्रिझमॅटिक कुंडाच्या काठचे नारिंगी-पिवळे रंग सूक्ष्म जीवांचे असतात, आणि याच उद्यानातील उष्ण झऱ्यात सापडलेल्या एका जिवाणूच्या विकरावर माझ्या प्रयोगशाळेतील पीसीआर चालते, हेही मी सांगितले. त्याचे त्यांना फारसे कौतुक वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी लामार खोऱ्यात बायसनच्या कळपाने रस्ता अडवला. तांबूस वासरे आयांच्या पोटाशी बिलगून चालली होती. १९०२ च्या सुमारास या उद्यानात जेमतेम दोन डझन बायसन उरले होते, आज ते काही हजार आहेत, असे मी अभिमानाने म्हणालो. जणू ते मीच राखले होते!

"जनावरं राखली, चांगलं केलं. पण इथं माणसं नव्हती का?"

होती. शोशोनींपैकी तुकुडिका लोक रानमेंढ्यांची शिकार करीत, त्यांच्या शिंगांची धनुष्ये घडवीत याच डोंगरांत राहत. १८७२ मध्ये उद्यान झाले आणि काही वर्षांतच त्यांना विंड रिव्हर आणि फोर्ट हॉलच्या राखीव वसाहतींत हलवण्यात आले.

"पुनर्वसन," आबा म्हणाले. तो शब्द ते फार जपून उच्चारतात.

कळप संपत नव्हता. बऱ्याच वेळाने, काचेबाहेर पाहतच, ते म्हणाले, "तुला शाळेत सोडलं त्या दिवशी मागं बघितलं असतं, तर घेऊनच गेलो असतो. आणि नेणार कुठं? घर पाण्यात."

मला उत्तर सुचले नाही. मागच्या मोटारीने भोंगा वाजवला तेव्हा कळले, रस्ता केव्हाच मोकळा झाला होता.

निघताना आबांनी ओल्ड फेथफुलचे एक मोठे चित्र विकत घ्यायला लावले, भूगोलाच्या वर्गात लावण्यासाठी. ते या लेखासोबत पाठवीत आहे.