तारेच्या टोकाशी

पायाचे हाड सांधून आल्यावरही मेढा गावाच्या चढउतारांवर माझे पाऊल कचरते. सक्तीच्या रजेच्या या मुदतीत एमिली अर्नोल्ड मॅककली यांचे, 1993 चे कॅल्डेकॉट पदक लाभलेले 'मिरेट ऑन द हाय वायर' हे मुलांचे चित्रमय पुस्तक हाती आले. आईने पॅरिसमध्ये चालविलेल्या वसतिगृहात राबणारी मिरेट, तेथे उतरलेल्या बेलिनीला अंगणातील तारेवरून चालताना पाहते आणि पुनःपुन्हा पडत ती विद्या हस्तगत करते. परंतु ज्याच्यापासून ती शिकते, तो कीर्तिमंत पुरुषच भयग्रस्त आहे, हे तिला मागाहून कळते.

उंच तारेवर पाऊल ठेवून निश्चल झालेला तो बेलिनी मनातून जात नाही. आपल्याकडेही कृष्णाकाठच्या अंकलखोपच्या विष्णुपंत छत्रे यांनी 1880 च्या सुमारास सर्कस उभारली, तेव्हा कसरतपटूंच्या कौशल्याची वाहवा झालीच असेल. त्यांच्या भयाची नोंद मात्र कोणत्या दप्तरी झाली? पुस्तकात मिरेट दुसऱ्या टोकावरून तारेवर उतरते, तेव्हा बेलिनीचे पाऊल उचलते. सोबतीने भय नष्ट होते, की केवळ सुसह्य होते, याचा निर्णय मला करवत नाही. आणि शिष्येने गुरूचे ऋण फेडले म्हणावे, की वाढविले?