सहा मिलिमीटर

वडील गेल्यावर त्यांची फियाट अकराशे डिलाइट ८ वर्षे अंगणात उभी होती. ती भंगारात द्यावी असे थोरल्या बंधूंचे मत, ठेवावी असे आमचे. यावरून आमच्यातले बोलणेच तुटले. पुढे आईने पंचाहत्तरीला त्याच गाडीतून फिरण्याचा हट्ट धरला आणि आम्ही दोघे नाइलाजाने एकत्र आलो.

क्लचप्लेट पार झिजली होती. कुर्ल्यात बनलेली ही गाडीच पुढे ‘पद्मिनी’ झाली. मुंबईतील पद्मिनी टॅक्सीही २०२३ साली बंद झाली. सुटे भाग मिळणार कुठून? मिळालेल्या नव्या प्रेशरप्लेटमध्ये अनेक स्प्रिंगांऐवजी एकच पसरट स्प्रिंग होती. ती फ्लायव्हीलवर बसली, नव्या क्लचप्लेटचे दातेही शाफ्टवर सरकले. परंतु तिची बोटे खोल असल्याने रिलीज बेअरिंग तिथवर पोहोचेना. पेडल तळाला टेकले तरी क्लच सुटेना.

आम्ही पेडलची दांडी लांबवू म्हणालो. मिस्त्री म्हणाले, “मग फोर्क तिरका होईल. जिथे कमी आहे तिथेच भर घाला.” बंधूंनी अंतर मोजले : ६ मिलिमीटर. लेथवर तेवढ्या जाडीची कडी करून बेअरिंगमागे बसविली. शेवटी पेडलला थोडी मोकळीक राखली. ती नसेल, तर बेअरिंग अखंड घासून जळते.

गाडी निघाली. बंधू चालवीत होते, शेजारी आई, मागे आम्ही. जुने-नवे जुळवायचे, तर आधी अंतर मोजावे लागते, आणि जुळल्यावरही थोडे राखावे लागते, हे आम्हांस उशिरा कळले.